उजव्या अंगठ्याचा विचार

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळ, रोझो नावाचे लहान गाव आहे. पोलारिस कंपनीच्या स्नोमोबाइलचा, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीचा, जन्म इथला. तिकडे क्यूबेकमधल्या व्हॅलकूर गावी जोसेफ-आर्मांड बोम्बार्डिए यांनी १९५९ साली ‘स्की-डू’ ही स्नोमोबाइल बाजारात आणली. या पट्ट्यात हिवाळ्यात बर्फावरून गाडी हाकणे हा खेळ आहे, तसाच तो रोजच्या येण्या-जाण्याचाही भाग आहे. नोकरीनिमित्त तिकडे स्थिरावलेली मराठी कुटुंबे आता या छंदाकडे वळू लागली आहेत. नवखा माणूस हेल्मेट आणि जॅकेट पारखून घेतो आणि हातमोजे मात्र दुकानात दिसतील तेवढे जाड उचलतो. गफलत होते ती इथेच.

पारा उणे २० अंशांवर असताना ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा लागला, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे ३६ अंशांसारखी बाधते. कॅनडाच्या हवामान खात्याच्या कोष्टकानुसार अशा थंडीत उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. हवा अगदी शांत असली तरी चालत्या गाडीवरचा स्वार हा वारा स्वतःच ओढवून घेत असतो. त्यातून, शरीराला थंडी वाजू लागली की ते पोटा-छातीतली ऊब राखण्यासाठी बोटांकडचा रक्तपुरवठा आवळते. म्हणून बोटे गार पडल्याची तक्रार घेऊन येणाऱ्याला आधी विचारावे, छाती आणि मान नीट झाकली होती का? तिथे कसर राहिली असेल तर महागड्या हातमोज्यांचाही इलाज चालत नाही.

आता अंगठ्याकडे येऊ. स्नोमोबाइलला वेग देणारा थ्रॉटल उजव्या अंगठ्याने दाबून ठेवायचा असतो. ब्रेक डाव्या हाताशी. बाकीची चार बोटे हँडलच्या तापत्या ग्रिपला बिलगून असतात, अंगठा मात्र एकटा, वाऱ्याच्या वाटेत, तासन्‌तास एकाच स्थितीत. बऱ्याच गाड्यांत थ्रॉटलचा खटकाही तापवण्याची सोय असते, ती याचसाठी. अंगठा बधिर झाला की थ्रॉटल किती दाबला गेला आहे याचा अंदाज सुटतो. उबेचा प्रश्न तिथून थेट सुरक्षिततेचा होतो, आणि आमच्या मते हातमोज्याची निवड याच कसोटीवर व्हायला हवी.

ऊब धरून ठेवते ती अस्तरात अडकलेली स्थिर हवा. घट्ट हातमोजा ती हवाही दाबून टाकतो आणि रक्ताची वाटही. दुकानात हातमोजा चढवून काठी धरावी तशी मूठ वळावी. बोटांच्या टोकांशी थोडी मोकळी जागा उरली पाहिजे आणि अंगठा दाबताना शिवण रुतता कामा नये. ग्रिप तापणारी असेल तर तळव्याकडे पातळ चामडे आणि पाठीवर जाड अस्तर अशी रचना उत्तम, कारण जाड तळवा ग्रिपची ऊब हातापर्यंत पोहोचूच देत नाही. चारही बोटे एकाच खोळीत ठेवणारे मिटन निश्चितच अधिक उबदार, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. पण ब्रेकवरची पकड त्यात ढोबळ होते. दोन-दोन बोटांची खोळ असलेले हातमोजे हा मधला मार्ग. फार कडाक्यात, हँडलवरच बसवायच्या मोठ्या खोळी आणि आत साधा हातमोजा ही जोडी आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते.

ओलावा हा दुसरा शत्रू, आणि तो बहुधा आतून येतो. रुतलेली गाडी भुसभुशीत बर्फातून उपसताना हाताला घाम फुटतो, पुन्हा वेग घेतला की तोच घाम गारठतो. सुती अस्तर घाम धरून ठेवते, म्हणून ते टाळावे. आत लोकरीचा पातळ हातमोजा, वर पाणी अडवणारे आवरण, आणि सामानात कोरडा दुसरा जोड. अस्तर काढून वाळवता येत असेल तर उत्तमच.

वेष्टनावर छापलेला ‘उणे अमुक अंशांपर्यंत’ हा आकडा मात्र जपून वाचावा. तो बरेचदा उत्पादकाने स्वतःच ठरवलेला असतो. युरोपातल्या ‘ईएन ५११’ या मानकात तीन वेगवेगळे अंक मिळतात: थंड हवेला विरोध, थंड वस्तूच्या स्पर्शाला विरोध, आणि पाणी आत शिरते की नाही. ग्राहकाला खरे काय हवे असते ते या तीन अंकांत आहे. हौशी स्वारांच्या हातमोज्यांवरही अशी माहिती सर्वत्र छापली जावी, अशी मागणी ग्राहकांनी लावून धरायला हवी.

महाराष्ट्रातून गुलमर्ग किंवा सोलंगला जाणाऱ्या पर्यटकांची स्नोमोबाइलवरची फेरी थोड्या वेळाची असते, आणि ते बहुतेकदा चालकाच्या मागे बसतात. मागे बसणाऱ्याच्या हाताशी तापती ग्रिप बहुधा नसते. भाड्याने मिळणारे हातमोजे आधीच्या पर्यटकाच्या हातून आलेले असतात. पैसे देण्यापूर्वी आत बोटे घालून पाहावीत. ओलसर लागले तर सरळ दुसरा जोड मागावा. लोकरीचा पातळ हातमोजा घरूनच न्यावा, मुलांसाठी तर दोन जोड.