मुंबईचा माळा

मुंबईच्या माणसाला ‘तू मुंबई पाहिली आहेस का?’ असा प्रश्न विचारून पाहा. तो एकतर हसेल, नाहीतर चिडेल. ‘अहो, जन्म गेला इथे!’ असे उत्तर मिळेल. जन्म जाणे आणि पाहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. गावाकडून पाहुणे आले की हाच माणूस रजा टाकतो, त्यांना गेटवे दाखवतो, म्हातारीचा बूट दाखवतो, राणीच्या बागेत नेतो. आणि पाहुण्यांना दादरला गाडीत बसवून दिले की मुंबई पुढच्या पाहुण्यांपर्यंत मिटून ठेवतो.

आपण कला शाखेचे विद्यार्थीही याला अपवाद नाही. आपली सहल दरवर्षी लांब जाते. अजिंठा-वेरूळ होते, रायगड होतो, गोवा तर होतोच होतो. जावे, अवश्य जावे. पण मध्यंतरी इतिहासाच्या तासाला मी मित्रांना विचारले, भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय कोणी पाहिले आहे? वर आलेले हात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग विचारले, राणीची बाग? सगळे हात वर. तिथे काय पाहिले? एका सुरात उत्तर आले : पेंग्विन!

आता संग्रहालय आणि बाग यांचे आवार एकमेकांना लागून आहे. म्हणजे ही सगळी मंडळी संग्रहालयाच्या भिंतीजवळून जाऊन आली होती. पेंग्विनशी माझे वैर नाही. बिचारे २०१६ साली सेऊलहून इथे आले, मूळचे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, आणि भायखळ्याच्या उकाड्यात काचेआड गारव्यात राहतात. त्यांचे कौतुक जरूर व्हावे. माझे म्हणणे इतकेच, की या आवारात पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट पेंग्विन नव्हेत.

चाळीतल्या खोलीला माळा असतो. त्यावर काय असते? पितळेचा बंब, आजोबांची पत्र्याची ट्रंक, मोडका पाळणा, कोणा पूर्वजाचा काच तडकलेला फोटो. या वस्तू खाली ठेवायला जागा नसते आणि टाकून देववत नाहीत. घराचा खरा इतिहास भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरात नसतो, तो माळ्यावर असतो. भायखळ्याचे हे आवार म्हणजे मुंबईचा माळा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. या शहराने जे जे हलवले, मोडले, नकोसे म्हणून उचलले, ते ते इथे येऊन पडले आहे.

बागेपासूनच सुरुवात करू. कृषी आणि उद्यानविद्या यांच्या हौशी मंडळींची बाग आधी शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीकडे गेली. भायखळ्याची बाग १८६२ साली खुली झाली. प्राणी मागाहून, १८९० साली आले. म्हणजे ही मुळात झाडांची बाग आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. संग्रहालयाची कथा याहून चमत्कारिक. त्याचा पहिला संग्रह फोर्टातल्या बराकीत मांडला होता. १८५७ साली उठाव झाला, सैनिकांना जागा हवी झाली, आणि वस्तू इतक्या घाईने बाहेर काढल्या की त्यांतल्या पुष्कळशा नाहीशा झाल्या. उरल्यासुरल्या टाऊन हॉलमध्ये गेल्या. पुढे जॉर्ज बर्डवूड, नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी अशा मंडळींनी खटपट केली, वर्गण्या जमवल्या, आणि १८७२ साली भायखळ्याला आजची इमारत लोकांसाठी उघडली. नाव अर्थातच व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. १९७५ साली ते नाव बदलून भाऊ दाजींचे दिले गेले. गोव्यातल्या मांद्रे गावाहून मुंबईस आलेला हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाला, कुष्ठरोगावर औषध शोधीत राहिला आणि उरलेल्या वेळात अजिंठ्याचे शिलालेख वाचीत बसला. आपल्यापैकी ज्यांना एक विषय धड सांभाळता येत नाही (मी त्यांतलाच), त्यांनी या माणसाचे चरित्र जरूर वाचावे.

संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली त्याला उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना साखळी तुटली आणि हत्ती फुटला. फुटलेला हत्ती विलायतेच्या काय कामाचा? तुकडे भायखळ्याला आले आणि १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ जाऊन पाहिले तर सांधे दिसतात. मला लेण्यातल्या त्रिमूर्तीइतकाच हा सांधलेला हत्ती मोलाचा वाटतो. त्रिमूर्ती पाहून आपल्या शिल्पकारांचा अभिमान वाटतो. हा हत्ती पाहिला की राज्य करणाऱ्याची नजर वस्तूकडे कशी पाहते ते कळते. पाठ्यपुस्तकातली चार पाने वाचून ते कळणार नाही.

आणि काळा घोडा! फोर्टात ज्याच्या नावाने चौक आहे, ज्याच्या नावाने १९९९ पासून कलामहोत्सव भरतो, तो घोडा तिथे नाहीच. तो या आवारात आहे. युवराज एडवर्ड १८७५ साली मुंबईस येऊन गेला, त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून याने हा पुतळा दिला आणि १८७९ साली तो उभा राहिला. १९६५ साली सरकारने तो काढला. गंमत अशी, की घोडा गेला तरी फोर्टातल्या चौकाचे नाव गेले नाही, आणि भायखळ्याला घोडा आला तरी इथे कोणी त्याला काळा घोडा म्हणून ओळखत नाही. २०१७ साली जुन्या जागी नवा घोडा बसवला, पाठीवर स्वार नसलेला. हा उपाय मला फार समंजस वाटला. मात्र स्वारासकटचा जुना घोडा पाहिल्याशिवाय स्वाराविना घोड्याचा अर्थ कळत नाही.

व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही याच आवारात आला. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी तो मुंबईला दिला होता. १८९६ साली एका रात्री त्याला डांबर फासले गेले, गळ्यात जोड्यांची माळ घातली गेली. ते काम चाफेकर बंधूंचे. पुढच्याच वर्षी पुण्यात रँडवर गोळी झाडणारे तेच. एकाच दगडावर एका मराठी राजाची राजनिष्ठा आणि दोन मराठी तरुणांचा संताप नांदून गेला. काही जण म्हणतील, हे गुलामीचे अवशेष. ते पाहायचे कशाला? मला हा युक्तिवाद पटत नाही. चौकातून पुतळा काढणे योग्यच होते. चौकात ठेवणे म्हणजे मान देणे, आणि तो मान आता देण्याचे कारण नाही. पण पाहणे म्हणजे मान देणे नव्हे. माझी तक्रार असलीच तर ती वेगळी आहे. अशा पुतळ्यांपाशी त्यांची ही सगळी हकिगत, डांबरासकट, स्वच्छ मराठीत लिहून लावायला हवी. माळ्यावरच्या ट्रंकेला चिठ्ठी नसली की तिसरी पिढी ती भंगारवाल्याला देते.

संग्रहालयाच्या आत जाल तर पहिल्यांदा छताकडे पाहून मान अवघडेल, इतके ते सोन्याचे नक्षीकाम झगमगते. २००३ पासून पाच वर्षे खपून वास्तूचा जीर्णोद्धार झाला आणि त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पण मी तिथे जातो तो वरच्या मजल्यावरच्या मातीच्या माणसांसाठी. वीतभर उंचीची ही माणसे : निरनिराळ्या जातीजमातींची, निरनिराळ्या पगड्यांची, निरनिराळ्या धंद्यांची. राज्यकर्त्यांना आपली रयत कपाटात मांडून पाहायची होती म्हणून ती घडवली गेली, हे खरे. पण घडवणारे हात आपले होते, आणि त्या हातांना माणसाचे बसणे, वाकणे, ओझे उचलणे ठाऊक होते. म्हणून कपाटातही ही माणसे जिवंत वाटतात.

गेल्या वर्षी मी आजोबांना तिथे घेऊन गेलो. आजोबा गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचा साचा थांबला तो थांबलाच. लालबागहून राणीची बाग चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे बागेत ते शेकडो वेळा गेलेले. संग्रहालयात मात्र पहिल्यांदाच. ‘ती इमारत साहेबाची वाटायची,’ म्हणाले. कपाटांसमोर ते बराच वेळ वाकून उभे राहिले. मी विचारले, ‘काय शोधताय?’ तर म्हणाले, ‘साचेवाला बघतोय.’

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन आणि तीनच्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याची योजना महापालिकेने आखली. त्या योजनेची चर्चा ऐकतच माझ्या पिढीतली मुले मोठी झाली. माळ्यावर चढवायच्या वस्तूंनाही वेळ असतो. साचे भंगारात गेले, आणि ते चालवणारे हात एकेक करून जात आहेत. त्यांना विचारायचे ते आत्ताच विचारावे लागेल. दालन बांधून झाल्यावर नव्हे.

आता थोडे पैशाबद्दल. बागेचे प्रवेशशुल्क पूर्वी पाच रुपये होते. २०१७ साली ते मोठ्या माणसाला पन्नास झाले. आई-वडील आणि दोन मुले यांना मिळून शंभर. महापालिकेचे म्हणणे, खर्च वाढला, गर्दी आवरेना. तेही सर्वस्वी खोटे नाही. सिनेमागृहातल्या मक्याच्या लाह्या याहून महाग आहेत, असेही मित्र म्हणतात. पण सिनेमागृह हे कधी गिरणगावाचे अंगण नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे राहत, तेव्हा रविवारी दशम्यांचे गाठोडे घेऊन आत्या, काका, शेजारची पोरे अशी सगळी वरात या बागेत उतरे आणि गोरखचिंचेच्या सावलीत दिवसभर लोळे. ती वरात आई-वडील आणि दोन मुलांच्या हिशेबात कशी बसायची? प्राणी पाहायचे वेगळे तिकीट असावे, हवे तर शंभराचे असावे. झाडाखाली बसायला ते कशाला? याच झाडांवर गदा येईल अशी प्राणिसंग्रहालयाची मोठी योजना पुढे आली, तेव्हा २००७ पासून नागरिकांनी, त्यांत स्त्रिया आघाडीवर, चिकाटीने लढा दिला. झाडांची नोंद केली, अर्ज केले, लोकांना बागेत फिरवून झाडे ओळखायला शिकवली. मला हे शिकवणे आंदोलनाइतकेच महत्त्वाचे वाटते. नाव ठाऊक असलेले झाड तोडणे जरा जड जाते.

भायखळ्यात आणखी पुष्कळ आहे. १८५३ साली देशातली पहिली आगगाडी ज्या मार्गाने धावली त्यावरचे स्टेशन आहे. वाय-ब्रिजच्या दोन हातांत सापडलेला खडा पारशी आहे. शेठ कर्सेटजी माणेकजींचा तो पुतळा त्यांच्या मुलाने उभारला, आणि त्याच मुलाने मुलींच्या शिक्षणासाठीही झगडून शाळा काढली. आज बसच्या खिडकीतून तो क्षणभर दिसतो आणि जातो. त्याच्याकडे पायी जाणे हेही एक धाडस आहे, वाहने थांबत नाहीत.

प्राध्यापक मंडळींना माझी एक सूचना आहे. प्रथम वर्षाच्या इतिहासाला, समाजशास्त्राला आणि मराठीलासुद्धा एक निबंध असा ठेवावा, की जो या आवारातली एकच वस्तू तीनदा पाहून लिहायचा. हत्ती घ्या, घोडा घ्या, मातीचा पाणक्या घ्या. पहिल्या खेपेला काहीच दिसत नाही, दुसऱ्या खेपेला पाटी दिसते, तिसऱ्या खेपेला वस्तू दिसू लागते. खर्च लोकलच्या पासात भागेल, संग्रहालयाच्या तिकिटाचा भार सहलनिधीतून उचलावा. बुधवारी मात्र कोणी जाऊ नये. संग्रहालय आणि बाग, दोन्ही त्या दिवशी बंद असतात.