गव्हर्नरच्या नावाने वाचलेले घर

ॲरिझोनाच्या वाळवंटातील टूसॉन शहरात, संमेलन-केंद्राच्या अवाढव्य आवारात, कच्च्या विटांचे एक बैठे घर एकटेच उभे आहे. उन्हात वाळवलेल्या या विटांना तिकडे ‘अडोबी’ म्हणतात. (शब्द अरबीतून स्पॅनिशमार्गे अमेरिकेत पोहोचला.) भिंती इतक्या जाड, की दुपारची झळ आत शिरेपर्यंत संध्याकाळ होते.

टूसॉन १८५४ पर्यंत मेक्सिकोत होते. ही जागा सोसा कुटुंबाची. १८७८ मध्ये ती लिओपोल्दो कारियो या सोनोरातून आलेल्या व्यापाऱ्याने विकत घेतली आणि त्यांच्या घराण्याकडे ती १९६८ पर्यंत राहिली. या नव्वद वर्षांत, १८८१ साली, प्रांताचे गव्हर्नर जॉन फ्रेमाँट यांच्या कुटुंबाने घर काही काळ भाड्याने घेतले होते. स्वतः फ्रेमाँट तेथे क्वचितच राहिले असावेत.

१९६६ मध्ये मतदारांनी नगर-पुनर्रचनेला कौल दिला. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार अशा योजनांच्या निव्वळ खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा केंद्र सरकार उचलत असे. तिसऱ्या हिश्शात मोकळी जमीन मिळत असेल, तर वस्तीला ‘गलिच्छ’ ठरविण्याचा मोह कोणत्या नगरपालिकेला होणार नाही? सुमारे ८० एकर वस्ती भुईसपाट झाली. बहुतेक कुटुंबे मेक्सिकन वंशाची. काही चिनी, काही कृष्णवर्णीय. त्यांचे शेजार, उधारीवर चालणारी दुकाने यांना हिशेबात रकानाच नव्हता. वारसा-जतनाचा राष्ट्रीय कायदाही त्याच १९६६ सालचा, हे विशेष. हे घर १९७१ मध्ये राष्ट्रीय नोंदवहीत गेले आणि पुढे संग्रहालय झाले ते फ्रेमाँट यांच्या नावाने. नव्वद वर्षांच्या मालकीपेक्षा काही महिन्यांची भाडेकरारी वजनदार ठरली!

परक्यांना हसण्याचे कारण नाही. आपल्या १९५६ च्या गलिच्छ वस्ती कायद्यात वस्ती अयोग्य ठरविण्याच्या कारणांत रस्त्यांची अरुंदता आहे. उष्ण प्रदेशात अरुंद गल्ली म्हणजे सावली, हे जैसलमेरच्या कोणत्याही गवंड्याला ठाऊक असते. दिल्लीतील शाहजहानाबादचा अधिसूचनेनंतरचा दर्जा याच कायद्याखाली ‘स्लम’ असा झाला.

टूसॉनच्या त्या घराला आता सोसा-कारियो म्हणतात आणि तेथे मेक्सिकन-अमेरिकन वंशजांनी आपल्या इतिहासाचे संग्रहालय मांडले आहे. आजूबाजूच्या ८० एकरांतील इतर बहुतेक घरांची मात्र छायाचित्रेच उरली आहेत.