शॉर्टकट तुमचा, कोंडी कोणाच्या दारात?

सेनापती बापट रोडवरून संध्याकाळी कोथरूडला जायचं म्हटलं, की लॉ कॉलेज रोडवर जीव मेटाकुटीला येतो. अशा वेळी कोणी सांगितलं, 'टेकडीवरून थेट रस्ता होतोय', तर तुम्हाला आनंदच होणार. पण हा रस्ता जिथे उतरणार तिथे कोण राहतं, हे कधी बघितलंय?

पुणे महापालिकेचे तीन प्रस्ताव गेली काही वर्षं वादात आहेत. एक, बालभारती ते पौड फाटा हा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता. शिवाय वेताळ टेकडीच्या पोटातून दोन बोगदे. पाषाणच्या पंचवटीतून एक कोथरूडच्या सुतारदऱ्याकडे, तर दुसरा गोखलेनगर आणि सेनापती बापट रोडच्या बाजूला. टेकडी वाचवा म्हणत एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी मोठा मोर्चा काढला. झाडं, मोर, जमिनीत मुरणारं पाणी यावर बरंच बोललं गेलं आणि ते रास्तच आहे. त्या मानाने गल्ल्यांबद्दल कमी बोललं गेलं.

बोगद्याला दोन तोंडं असतात आणि इथे ती वस्तीजवळ उघडतात. पंचवटी हा राहता भाग. सुतारदरा म्हणजे उतारावरची दाट वस्ती, चढाच्या अरुंद गल्ल्या. आज तिथे बहुतेक तिथलेच लोक ये-जा करतात. उद्या तिथून जाईल तो, जो तिथे राहत नाही आणि थांबतही नाही. त्याला फक्त पुढे जायचंय. मग गल्लीत खेळणारी पोरं, भाजीची गाडी, काठी टेकत निघालेले आजोबा हे सगळे 'अडथळा' ठरतात. रस्ता रुंद करायची वेळ आली, की पहिला घास फुटपाथचा जातो.

बरं, एवढं करून कोंडी तरी सुटेल का? ड्युरॅंटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांचा अभ्यास मांडला. महामार्ग जेवढे वाढले, साधारण त्याच प्रमाणात त्यांवरून धावणारी वाहतूकही वाढली, असं त्यात दिसलं. कारण साधं आहे. रस्ता मोकळा दिसला, की बसने जाणाराही गाडी काढतो. आपल्याकडे तर २०१८ मध्येच पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या होत्या. आणि विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतोय ना? कोंडी फोडायला बांधला आणि २०२० मध्ये पाडावा लागला.

आता दुसरी बाजू. लॉ कॉलेज रोडवरही माणसंच राहतात. त्यांनी किती वर्षं धूर आणि हॉर्न सोसायचे? प्रश्न अगदी योग्य आहे. पण एका वस्तीचा त्रास उचलून दुसऱ्या वस्तीत ठेवणं हे त्याचं उत्तर नाही. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाचा भर वाहनं नव्हे, तर माणसं हलवण्यावर आहे. वनाझ ते रामवाडी मेट्रो कर्वे रोडवरून धावतेच आहे. स्टेशनपासून कॉलेजांपर्यंत दर काही मिनिटांनी छोटी बस, रस्त्याकडेच्या पार्किंगला शिस्त आणि चालण्यासारखे फुटपाथ हे आधी करून बघायला टेकडी फोडावी लागत नाही.

यात तुम्ही काय करू शकता? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. महापालिकेला तीन गोष्टी विचारा. दोन्ही टोकांच्या गल्ल्यांत वाहनं किती वाढतील? हा अंदाज कोणत्या सर्वेक्षणावरून काढला? बस आणि मेट्रोचा पर्याय तपासला का?

इंजिनीअरिंग, भूगोल किंवा संख्याशास्त्र शिकत असाल, तर आणखी सोपं काम आहे. चार मित्र घ्या, पंचवटीत किंवा सुतारदऱ्यात सकाळ-संध्याकाळ एकेक तास उभे राहा आणि किती गाड्या जातात, किती माणसं चालतात ते मोजा. प्रोजेक्टही होईल. पण हे रस्ता होण्याआधी करायला हवं. नंतर 'पूर्वी इथे शांतता होती' असं कोणी म्हटलं, तर ते सिद्ध करायला हाताशी आकडा नसेल.