बुगी, बाजारहाट आणि टुनटुन

शिझुको कासागी (1914–1985) ही ओसाकात वाढलेली जपानी गायिका, नर्तिका आणि हसवणारी नटी. युद्धकाळात तिच्या नाचण्यावर पोलिसांची नजर होती. माइकभोवती आखलेल्या चौकोनाबाहेर पाऊल टाकायचे नाही, असा हुकूमच होता. चौकोन मोडला तो 1947 साली. त्या सप्टेंबरात तिने ‘टोकियो बुगी-वूगी’ हे बुगी या अमेरिकी ठेक्यावरचे गाणे ध्वनिमुद्रित केले. 1948च्या जानेवारीत तबकडी निघाली आणि जळून बेचिराख झालेले शहर तिच्यावर ताल धरू लागले. संगीतकार ऱ्योइची हात्तोरी. ही चाल आगगाडीच्या खडखडाटातून सुचली, असे ते सांगत. गाणे उल्हासाचे, पण गाणारीचा प्रियकर 1947च्याच मे महिन्यात क्षयाने गेला होता आणि जूनमध्ये मुलगी जन्मली होती. अकिरा कुरोसावा यांच्या ‘ड्रंकन एंजल’मध्ये (1948) ‘जंगल बुगी’ म्हणणारीही हीच.

तिची खरी करामत मात्र 1950च्या ‘कायमोनो बुगी’त, म्हणजे बाजारहाटाच्या बुगीत. सौद्याला निघालेली बाई माशांची, भाज्यांची नावे ओसाकाच्या ठसकेबाज बोलीत धडाधड म्हणत सुटते आणि आपल्याच घाईत गोंधळते. गोकुळपेठेच्या बाजारात नागपुरी बोलीत रंगलेली घासाघीस प्रमाण मराठीत आणली की पाणचट होते; हे गाणेही प्रमाण जपानीत उतरवले तर तसेच होईल. विनोद शब्दांत थोडा, उच्चारात आणि दमात जास्त.

भारतात 1947 सालीच ‘शहनाई’तले ‘संडे के संडे’ गाजले. पाश्चात्त्य ठेक्यावरच्या या खट्याळ गाण्याचे संगीतकार सी. रामचंद्र नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. गाणाऱ्या मीना कपूर आणि शमशाद बेगम पडद्यामागे, हावभाव करणारे कलावंत पडद्यावर.

या वाटणीचा सर्वांत चमत्कारिक अनुभव उमादेवी खत्री (1923–2003) यांच्या वाट्याला आला. नौशाद यांच्या संगीतातले ‘दर्द’मधले (1947) ‘अफ़साना लिख रही हूँ’ त्यांचेच, पडद्यावर मुनव्वर सुलताना. पुढच्याच वर्षी मद्रासच्या ‘चंद्रलेखा’साठीही त्या गायल्या. मग लता मंगेशकरांच्या उदयानंतर गाणी आटली आणि 1950च्या ‘बाबुल’पासून त्या टुनटुन या नावाने विनोदी नटी झाल्या. ‘आर पार’, ‘मिस्टर अँड मिसेस 55’ या गुरुदत्तच्या चित्रपटांत त्यांच्या विनोदाची वेळ अचूक आहे; ती तालाची जाण गाण्यातलीच. गळा आणि विनोद एकाच बाईकडे असूनही दोन्ही एका गाण्यात आणणारा हात्तोरी त्यांना भेटला नाही. हिंदी चित्रपटाने नंतर त्यांच्या अंगलटीवरच विनोद बेतले, हा आळशीपणा.

कासागीने 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात गाणे आपणहून बंद केले. पूर्वीसारखे नाचता येत नाही, हे तिचे कारण. अभिनयासाठी नवशिकीचेच मानधन द्यावे, असे तिने निर्मात्यांना कळवले. टीव्ही आल्यावर जपानी मुलांना ती घासण्याच्या क्लीन्झरच्या जाहिरातीतली मावशी म्हणून माहीत झाली.

– धरमपेठकर, नागपूर