आकड्यांची उपासना

सोंग घेऊन बोलावे, विचार करावा आणि संकटातून वाट काढावी यासाठी जन्मास आलेला एक खेळ आज हिशेबनिसांच्या ताब्यात जात आहे. आणि त्यांच्या हिशेबालाच ‘प्रगत डावपेच’ असे भारदस्त नाव देण्यात येत आहे. या नावाला आमचा विरोध आहे. हिशेबाला नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. पहिल्या इयत्तेच्या धड्याला शेवटची इयत्ता म्हणू नये, एवढेच आमचे म्हणणे.

हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे लहानसे शहर आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेल्या तीन छोट्या पुस्तिका १९७४ साली तेथून एका पेटीत घालून विक्रीस आल्या, आणि अद्भुत कथेतील पात्र होऊन खेळावयाचे खेळ तेव्हापासून जगभर पसरले. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार होतो. तो भुयार, अरण्य, ओसाड किल्ला यांचे वर्णन करतो आणि तेथील राक्षसापासून द्वारपालापर्यंत साऱ्यांच्या तोंडून बोलतो. बाकीचे योद्धा, मांत्रिक, पुरोहित, चोर अशी एकेक भूमिका घेतात. आपल्या जत्रांतील दशावतारी नटाला कथानक ठाऊक असते, संवाद मात्र त्याला उभ्या उभ्या रचावे लागतात. येथे खेळणाऱ्याला कथानकही ठाऊक नसते. जेथे कृतीचा निकाल अनिश्चित असेल, तेथे वीस पैलूंचा फासा टाकतात. आपल्या घरांतील कॉलेजात जाणारी काही मुलेमुलीही आता या खेळात रमतात, म्हणून हा विषय या पानांना परका नाही.

या खेळातले पंडित काय शिकवितात ते पाहा. पात्राच्या बळ, चपळता, चिवटपणा, बुद्धी, विवेक आणि प्रभाव या सहा गुणांना आकडे असतात. ते कसे वाटावेत, कोणत्या वंशाला कोणता व्यवसाय जोडावा, कोणत्या पायरीवर कोणती विद्या उचलावी म्हणजे एका घावात जास्तीत जास्त हानी होईल, याची कोष्टके ते तरुणांकडून पाठ करवून घेतात. असे पात्र घरीच सिद्ध होते; टेबलाशी यावयाचे ते केवळ फासे टाकावयास. शेजारी कोण बसला आहे, सूत्रधार काय सांगत आहे, याचे त्या पात्राच्या मालकाला सोयरसुतक नसते.

त्यांची बाजूही मांडली पाहिजे. ते म्हणतात, नियम आकड्यांचे आहेत आणि फासा कोणाची भीड धरीत नाही; मग दुबळे पात्र आणून सोबत्यांना मरू देणे ही कसली रसिकता? हा प्रश्न पोकळ नाही. आपल्या परंपरेनेही गणिताला हीन लेखलेले नाही. नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजाने नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या दिली, आणि पुढे नळाने पुष्कराकडून आपले राज्य फाशांवरच परत जिंकले. परंतु ते राज्य मुळात गेले कसे, हेही त्याच आख्यानात सांगितले आहे. द्यूत चालू असता नगरजन आणि मंत्री दाराशी आले, दमयंतीने विनवणी केली, तरी नळाने त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. त्या वेळी त्याच्यापाशी फाशांची विद्या नव्हती हे खरे; पण आपल्या माणसांचे ऐकून डावावरून उठावयाला ती विद्या लागत नव्हती.

तेव्हा पंडितांशी आम्ही त्यांच्याच भाषेत बोलू. २०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीचे आणि २०२४ साली सुधारलेल्या तिच्या नियमांचे उदाहरण घ्या. समजा, योद्ध्याचा घाव बसण्यासाठी फाशावर ११ किंवा अधिक पडावयास हवेत. म्हणजे शंभरात ५० घाव बसतील. त्याने बळाचा आकडा १६ वरून १८ वर नेला, तर फाशात १ मिळविता येतो आणि शंभरात ५ घाव वाढतात. आता दुसरा हिशेब पाहा. त्याच नियमांत ‘अ‍ॅडव्हान्टेज’ नावाची सवलत आहे. स्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून त्यांतील मोठा धरावयाचा. वरच्याच उदाहरणात तिच्यामुळे ५० चे ७५ होतात. पंडितांनी शोधून काढलेल्या लाभाच्या पाचपट लाभ हा झाला, आणि तो बहुधा सोबत्याच्या हातून मिळतो. एकाने शत्रूला ढकलून जमिनीवर पाडले, की त्या शत्रूला भिडलेल्या प्रत्येकाला ही सवलत मिळते. मात्र दूर उभ्या असलेल्या धनुर्धाऱ्याला त्याच पाडण्याने तोटा होतो. त्याला दोन फाशांतील लहान धरावा लागतो आणि त्याचे ५० चे २५ होतात. म्हणून शत्रूला पाडण्यापूर्वी ‘तू आधी बाण सोडतोस का?’ असे मित्राला विचारणे हा सभ्यतेचा भाग तर आहेच, पण तो पक्का हिशेबही आहे. घरी बसून केलेल्या कोणत्याही कोष्टकात तो सापडावयाचा नाही.

पुरोहिताचा ‘ब्लेस’ हा मंत्र घ्या. तो पहिल्याच पायरीवर मिळतो. त्याने तिघांच्या प्रत्येक घावाच्या आणि बचावाच्या फाशात चार पैलूंच्या फाशाची भर पडते. सरासरी अडीच, म्हणजे शंभरात साडेबारा. परंतु जो मंत्र टाकतो त्याच्या नावावर एकही शत्रू जमा होत नाही, आणि म्हणून आपल्या पराक्रमाची मोजदाद ठेवणाऱ्याला हा मंत्र नीरस वाटतो. शिवाय तो टिकण्यासाठी पुरोहिताचे चित्त एकाग्र राहावे लागते. मार बसला की ते ढळण्याचा संभव असतो. तेव्हा चिलखत घातलेल्या योद्ध्याने पुढे मुसंडी न मारता पुरोहितासमोर उभे राहावे, यात अधिक चातुर्य आहे.

तीच गोष्ट लक्ष्य निवडण्याची. ‘हिट पॉइंट’ म्हणजे पात्राच्या किंवा प्राण्याच्या जीवशक्तीचा आकडा. दोन शत्रू आहेत, प्रत्येकाचे हिट पॉइंट ४०, आणि आपले चौघे मिळून एका फेरीत ४० ची हानी करू शकतात, असे धरा. प्रत्येकाने आपापला शत्रू निवडला आणि मार दोघांत सारखा वाटला गेला, तर फेरीअखेर दोन्ही शत्रू अर्धमेले, पण दोन्ही उभे. या खेळात १ हिट पॉइंट उरलेला सामान्य शत्रूदेखील पूर्वीइतक्याच जोराने मारतो. चौघांनी मिळून एकालाच गाठले असते, तर उलट येणारा मार निम्मा झाला असता. पात्रे तीच, आकडे तेच. भेद पडला तो चौघांनी आपसांत बोलण्याने.

आता मूळ खेळाकडे वळू. १९७४ च्या नियमांत भेटलेला प्राणी कसा वागेल हे ठरविण्यासाठी सहा पैलूंचे दोन फासे टाकण्याची सोय होती. २ ते ५ पडल्यास प्रतिकूल, ६ ते ८ अनिश्चित, ९ ते १२ अनुकूल. एकूण ३६ शक्यतांपैकी १० प्रतिकूल, १६ अनिश्चित आणि १० अनुकूल. जो दार उघडताच तलवार उपसतो तो यांपैकी २६ शक्यता स्वतःच्या हाताने फेकून देतो. टॉम मोल्डव्हे यांनी १९८१ साली संपादित केलेल्या प्राथमिक नियमांत एक गॉब्लिन मारल्याचे अनुभवाचे गुण ५, आणि भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याचा गुण १. योद्ध्याला दुसरी पायरी चढावयास २००० गुण हवेत. म्हणजे ४०० गॉब्लिन मारा, किंवा न लढता, बोलून, चुकवून, मागील दाराने २००० नाणी आणा. त्या नियमांत लढाई हा मुख्यतः खर्च होता, आणि शहाणा खेळाडू खर्च टाळीत असे.

कोणी म्हणेल, २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून सोन्याचे गुण बंद झाले, आता मारल्यावाचून गती नाही. हेही अर्धसत्य आहे. २०१४ च्या सूत्रधाराच्या ग्रंथात न लढता पार पाडलेल्या प्रसंगांनाही गुण देण्याची, किंबहुना कथेतला टप्पा गाठल्यावर पायरी वाढविण्याची मुभा स्पष्ट दिली आहे. मुभा असून ती कोणी मागत नाही, हा दोष नियमांचा नाही.

आकड्यांचा गर्व कसा उतरतो हे पाहावयाचे असेल तर ‘टूम ऑफ हॉरर्स’ पाहावे. गायगॅक्स यांनी रचलेले हे थडग्याचे भुयार १९७५ साली ओरिजिन्स नावाच्या संमेलनात स्पर्धेसाठी वापरले गेले आणि १९७८ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यात भिंतीवर एका सैतानाचे हिरवे मुख कोरलेले आहे, आणि त्या उघड्या मुखात निबिड काळोख आहे. त्या काळोखात जो शिरेल तो नाहीसा होतो. तेथे चिलखत उपयोगी पडत नाही, बळ उपयोगी पडत नाही, हिट पॉइंट किती हेही कोणी विचारीत नाही. १९७४ च्या वस्तूंच्या यादीत पोलादी पत्र्याच्या चिलखताची किंमत ५० सुवर्णनाणी आहे, आणि दहा फुटी काठीची १. त्या मुखासमोर ५० नाण्यांचे चिलखत व्यर्थ ठरते. एका नाण्याची काठी आत घालून पाहणारा मनुष्य वाचतो. पाहावे, विचारावे, ठोकून बघावे, वेळीच मागे फिरावे आणि जखमी सोबत्याला घेऊन निघावे, याला आम्ही प्रगत डावपेच म्हणतो.

आमच्या वाचकांना या प्रकरणाची जी बाजू सर्वांत अधिक लागेल, तिच्याकडे आता येतो. १९७६ साली या खेळाची ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ नावाची पुरवणी निघाली आणि १९८० साली ‘डीटीज अँड डेमीगॉड्स’ हा ग्रंथ. ग्रीक, ईजिप्शियन आणि नॉर्स देवतांबरोबर आपल्याही देवता त्यांत आहेत. १९८० च्या ग्रंथात इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू यांना हिट पॉइंट दिलेले आहेत. यातील विपरीत गोष्ट अशी की १९७६ च्या पुरवणीच्या प्रस्तावनेत संपादकाचा रोख आकडे फुगविणाऱ्यांवरच होता. नॉर्स देवांचा पिता ओडिन याला ३०० हिट पॉइंट दिले, म्हणजे चव्वेचाळिसाव्या पायरीच्या मानवी वीराचे हास्यास्पद रूप उघडे पडेल, अशी त्याची अपेक्षा होती. पण आकड्यांच्या उपासकाला ३०० हा आकडा दिसला, की तो एवढेच विचारतो: किती फेऱ्यांत? ज्याला हिट पॉइंट आहेत ते मारता येते, एवढे एकच शास्त्र त्याला शिकविलेले असते.

याचा अपमान वाटून कोणी म्हणतील, हा खेळच घरातून हद्दपार करा. त्यांचे दुःख आम्हांस कळते, पण उपाय पटत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात या खेळावर सैतानपूजेचा आरोप करणारी मोठी मोहीम झाली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डीमन’ आणि ‘डेव्हिल’ ही नावे गाळण्यात आली. १९९१ साली तेच जीव नव्या नावांनी परत आले. नावे बदलली, पण खेळणाऱ्यांची दृष्टी त्याने बदलली नाही. समोर उभ्या असलेल्या प्राण्याकडे, मग तो देव असो, दानव असो की गरीब द्वारपाल असो, केवळ उरलेल्या हिट पॉइंटांची राशी म्हणून पाहण्याची सवय मुलांना लागते, हा खरा अपाय आहे. आणि ती सवय लावणारे लोक स्वतःला प्रगत म्हणवितात. बंदीने ती सुटत नाही. मूल आकड्यांचा तोच खेळ दुसऱ्या पटावर मांडील.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे, की मुलगा किंवा मुलगी हा खेळ खेळत असेल तर ‘तुझे पात्र किती बलवान?’ असे विचारू नका. ‘आज कोणाशी बोललास? कोणाला वाचविलेस? लढाई कोठे टाळलीस?’ असे विचारा. उत्तरे मिळाली तर खेळ चांगल्या हातांत आहे असे समजा. आणि खेळणाऱ्या तरुणांना सांगणे एवढेच, की कोष्टके अवश्य शिका, ती एका आठवड्यात येतात. त्यानंतर टेबलाशी जो संकोचाने गप्प बसला आहे त्याला पुढच्या वेळी आधी विचारा, ‘तू काय करतोस?’ पाच जणांच्या मंडळीत एक जण नुसता बसून असेल तर पाचवा हिस्सा बळ वाया जात आहे, हा हिशेब तर पंडितांनाही मान्य करावा लागेल.