गॉथिक कोणाचे?

मुंबईतील गॉथिक वास्तूंविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात दोनच सूर प्रामुख्याने ऐकू येतात. एक कृतज्ञतेचा : इंग्रजांनी आम्हांस केवढे वैभव दिले! दुसरा संतापाचा : ही गुलामगिरीची स्मारके, परक्यांची नक्कल! हे दोन पक्ष परस्परविरोधी दिसतात खरे. परंतु आमच्या मते दोघांची चूक एकच आहे. वास्तू ज्याने बांधवून घेतली त्याचीच, हे दोघांनीही गृहीत धरले आहे.

प्रथम नकलेचा आरोप पाहू. गॉथिक ही मध्ययुगीन युरोपातील चर्चची शैली. अठराव्या शतकातील इंग्लंडने तीही उसनीच घेतली. पंतप्रधानाचा पुत्र होरेस वॉलपोल याने लंडनजवळ ट्विकनहॅम येथे एक साधे घर घेतले आणि १७४९ पासून सुमारे पंचवीस वर्षे त्यावर टोकदार कमानी व मनोरे चढवून ‘स्ट्रॉबेरी हिल’ सजविले. तेथील मोठ्या दालनाचे नक्षीदार छत दगडाचे नाही, कागदाच्या लगद्याचे आहे! तरीही त्यास नक्कल म्हणून कोणी पाडले नाही. उलट डागडुजी करून ते जपले. मग नकलेचा डाग एकट्या मुंबईलाच का?

मुंबईत तर लगदा नाही, अस्सल दगड आहे. राजाबाई टॉवरचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून काढला. तो मुंबईस कधी आलाच नाही. १८६९ ते १८७८ या काळात कुर्ल्याचा दगड घडवून तो मनोरा उभारला येथल्या हातांनी, आणि त्यासाठी पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी. त्यावरील पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या मूर्ती मुकुंद रामचंद्र या अभियंत्याने घडविल्या. बोरीबंदरचे स्थानक (१८७८–१८८८) एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या नावावर जमा आहे. पण सीताराम खंडेराव हे त्याचे साहाय्यक अभियंते होते, आणि दगडातील पाने-फुले, पशुपक्षी कोरण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ साली हे स्थानक जागतिक वारसा ठरले. त्या सोहळ्यानंतर तरी किती मराठी वाचकांना सीताराम खंडेराव ठाऊक झाले?

‘बेल्यासारख्या सीमेवरच्या गावाला मुंबईच्या कमानींशी काय कर्तव्य?’ असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. हा मुलूख निजामाचा होता, १९५६ साली आंध्र प्रदेशात गेला, २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, कचेऱ्यांवरील पाट्या बदलल्या. पैनगंगेकाठी नांदणारी मराठी बदलली नाही. सनद कोणाच्या नावे आहे एवढ्यावरून घर कोणाचे हे ठरत नसते, ही गोष्ट आमच्या लोकांस कोणी शिकवावी लागत नाही.

म्हणून आमचे मागणे एवढेच की, या वास्तूंची वर्णने लिहिणाऱ्यांनी वास्तुशिल्पकाराच्या नावापाशी लेखणी थांबवू नये. अभियंता, पाथरवट, मूर्तिकार यांची जी नावे नोंदींत सापडतात, ती पाट्यांवर, माहितीपुस्तिकांत आणि मुलांच्या पाठ्यपुस्तकांत यावीत. आणि आपल्या गावचा जुना वाडा उतरविताना कोरीव खांब मोडीत घालण्यापूर्वी, तो कोणत्या सुताराने घडविला हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवावे. इंग्रजाचे ऋण मानण्यात वा त्याला शिव्या देण्यात आपली दीडशे वर्षे गेली. आता आपल्याच माणसांचे ऋण मोजण्यास आरंभ व्हावा.