केमो चालू असताना कोंबुचा?

आत्याची केमो सुरू झाली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण काहीतरी सुचवून जायचा. एकाने तर घरी आंबवलेल्या कोंबुचाची बाटलीच आणून ठेवली. "यात चांगले जिवाणू असतात, केमोचा त्रासच होत नाही!" आता तसाच मेसेज केफिरच्या नावाने फिरतोय, म्हणून लिहितोय.

विचार अगदीच बिनबुडाचा नाही. केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते, त्यात तोंडाचं आणि आतड्याचं अस्तरही सापडतं. म्हणून तोंड येणं, जुलाब. पण तुर्कस्तानात आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांना केफिर देऊन पाहिलं, 2008 साली निष्कर्ष छापून आले. तोंड येणं काही कमी झालं नाही.

आणि धोका वेगळाच आहे. डोस दिल्यावर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी खूप खाली जातात. अशा वेळी तेच 'चांगले' जिवाणू किंवा यीस्ट रक्तात शिरू शकतात. घरच्या बरणीत नेमकं काय वाढलंय, कुणी तपासलंय? त्या दिवसांत 100.4 च्या वर ताप म्हणजे थेट हॉस्पिटल, क्रोसिन देऊन वाट बघणं नाही.

माझा राग मात्र मेसेज पाठवणाऱ्यांवर कमीच आहे. आम्हाला हॉस्पिटलात आहाराचा कागद मिळाला तो इंग्रजीत. ताक चालेल का, दही घरचं की पाकिटातलं, हे कुणी पाच मिनिटं बसून मराठीत सांगितलं असतं तर? बाटली आम्ही ओतून दिली. आत्याला ताक हवं होतं, त्याचं उत्तर मिळेपर्यंत तिसरी सायकल उजाडली.